आसन आणि पाद्य: नळ नसलेल्या पार्लरातील एका निवडीचा धर्मविचार

हिंदू पूजाविधीत देवतेला घरी आलेला पाहुणा मानून जे सोळा उपचार अर्पण केले जातात, त्यांत आवाहनानंतर लगेच आसन येते आणि आसनानंतर पाद्य, म्हणजे पाय धुण्याचे पाणी, येते. अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, गंध आणि नैवेद्य यांची पाळी त्यानंतरची. या क्रमामागे प्रवासाचे साधे शहाणपण आहे, कारण चालून आलेल्या माणसाला आधी बसायला जागा हवी असते आणि बसल्यावर सर्वांत आधी त्याचे पाय मळातून मोकळे व्हावे लागतात. ब्युटी पार्लरमधली पेडिक्युअरची खुर्ची हे दोन्ही उपचार एकाच वस्तूत आणते. पेडिक्युअर, म्हणजे पाय कोमट पाण्यात भिजवून, टाचेची निबर कातडी घासून, नखे कापून आणि शेवटी मालिश करून पायांची निगा राखण्याचे काम, ज्या खुर्चीवर होते तिला वर आसन असते आणि पुढ्यात पाद्याचे पात्र असते. मोठ्या शहरांत या खुर्चीला एका बाजूने पाण्याची आणि खालून सांडपाण्याची नळी जोडलेली असते, परंतु ज्या गाळ्यात नळही नाही आणि मोरीही नाही तिथे अशी खुर्ची निरुपयोगी ठरते आणि हलवता येण्याजोगी, सुट्या टबाची खुर्ची निवडावी लागते. ही निवड वरकरणी किंमत, वजन आणि टिकाऊपणा यांची वाटते, तरी तिच्या तळाशी धर्मविचारातला एक जुना प्रश्न आहे: धुतल्यावर मळ जातो कुठे, आणि तो ज्याच्याकडे जातो त्याचे काय?

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत हा प्रश्न फार लवकर डोळ्यांसमोर येतो. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला आणि त्याची दोन तृतीयांशाहून अधिक भूमी आजही वनाखाली आहे. सिंदेवाही, मूल, चामोर्शी, आरमोरी, अहेरी, एटापल्ली अशा तालुक्याच्या गावांत बाजाररस्त्याला लागून जे एका शटरचे गाळे असतात, ते बांधताना कपडे किंवा किराणा विकला जाईल एवढीच कल्पना केलेली असते. अशा गाळ्यात पाणी विकत घेतलेल्या कॅनमधून, घरून आणलेल्या ड्रममधून किंवा जवळच्या बोअरवरून येते आणि वापरलेले पाणी पुढच्या उघड्या नालीत जाते. लग्नसराई एप्रिल-मेमध्ये असते, म्हणजे जेव्हा चंद्रपूरचे तापमान पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाते आणि पाणी सर्वांत महाग असते, नेमक्या त्याच दिवसांत पार्लरमध्ये गर्दी होते. इथले पायही इथल्या भूमीचे असतात. पावसाळ्यात धानाच्या रोवणीसाठी तासन्‌तास चिखलात उभे राहिल्याने बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचताना आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना काटे-कोटे टोचतात, टाचांच्या भेगांत माती बसते. पार्लरची पायरी चढणारी स्त्री शिक्षिका असो, आशा कार्यकर्ती असो की उद्याची नवरी असो, तिच्या घरात या कामांपैकी एखादे काम कुणी ना कुणी केलेले असते, आणि कित्येकदा ते तिने स्वतःच केलेले असते.

शुद्धीविषयीची परंपरागत कल्पना वाहत्या पाण्याच्या बाजूची आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात नदी आपल्या वेगानेच शुद्ध होते असे प्रतिपादन आहे, आणि वैनगंगेच्या काठावरच्या मार्कंडादेवला, जिथे नदी उत्तरेकडे वळते म्हणून तिच्या स्नानाचे माहात्म्य मानले जाते, महाशिवरात्रीला जमणारा समुदाय याच श्रद्धेने पाण्यात उतरतो. साचलेले ते अशुद्ध आणि वाहते ते शुद्ध, ही धारणा इतकी खोल आहे की पाइप जोडलेल्या, फवाऱ्यांनी पाणी घुसळणाऱ्या खुर्चीकडे पाहून गिऱ्हाइकाला ती आपोआप स्वच्छ वाटते आणि साधा टब मात्र गरिबीची खूण वाटतो. ही धारणा तपासून पाहण्यासारखी आहे, कारण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात वॉटसनव्हिल या गावी २००० साली नेमके उलटे घडले. तिथल्या एका नेल सलूनमध्ये पाणी फिरवणाऱ्या पायटबांत पाय बुडवलेल्या शंभराहून अधिक गिऱ्हाइकांच्या गुडघ्याखाली महिनोन्‌महिने न भरणारी गळवे झाली, आणि २००२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याचे मूळ मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम या, क्षयजंतूच्या कुळातल्या पण एरवी माती-पाण्यात राहणाऱ्या, जंतूत शोधले. टबातले पाणी ज्या जाळीमागून फिरून परत येत होते त्या जाळीमागे केसांचा आणि कातडीच्या कणांचा थर साचला होता, आणि ज्या स्त्रियांनी पेडिक्युअरपूर्वी पायांवरचे केस वस्तऱ्याने काढले होते त्यांना धोका अधिक होता. पाणी वाहत होते, परंतु ते स्वतःकडेच परत येत होते. मळ गिऱ्हाइकाच्या नजरेआड गेला होता, खोलीबाहेर गेला नव्हता.

या घटनेतून नळ नसलेल्या पार्लरला एक अनपेक्षित समर्थन मिळते. ज्या टबाला पंप नाही, जाळी नाही, आत वळलेली नळी नाही, त्याच्या प्रत्येक कोपऱ्यापर्यंत हात पोहोचतो, तो उलटा करून उन्हात ठेवता येतो आणि एका गिऱ्हाइकानंतर साबणाने घासून, जंतुनाशकाचे पाणी त्यात दहा मिनिटे ठेवून दुसऱ्यासाठी तयार करता येतो. विदर्भातल्या घरांत अंघोळीच्या पाण्यासाठी जे कड्यांचे पितळी घंगाळ असे, त्याची रचना या दृष्टीने आजच्या फवाऱ्याच्या टबापेक्षा शहाणी होती. देवघरातही पळी, पंचपात्र आणि ताम्हण या तीन सुट्या भांड्यांवर सारे पाद्य पार पडते आणि वापरलेले पाणी वापरायच्या पाण्यात कधी मिसळत नाही. तेव्हा शुद्धीचे श्रेय पाण्याच्या वेगाला देण्यापेक्षा पाणी बदलणाऱ्या हाताला देणे अधिक न्याय्य आहे, आणि एकदा ते हाताला दिले की त्या हाताचा विचार टाळता येत नाही.

बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारनियमांत, हा विचार आश्चर्य वाटावे इतक्या बारकाईने आलेला आहे. पाली विनयपिटकाच्या चुल्लवग्ग या भागात पाहुण्या आणि निवासी भिक्षूंची कर्तव्ये सांगताना असे नमूद आहे की वयाने, म्हणजे दीक्षेच्या वर्षांनी, ज्येष्ठ असा पाहुणा आला तर निवासी भिक्षूने आसन मांडावे आणि पाय धुण्याचे पाणी, पाय ठेवण्याचा पाट व पाय घासण्याची फळी त्याच्याजवळ आणून ठेवावी. पाहुण्याने पिण्याचे पाणी कोणते आणि वापराचे कोणते हे आधी विचारून घ्यावे. आणि पाय धुताना एका हाताने पाणी ओतावे, दुसऱ्याने पाय चोळावे, ज्या हाताने ओतले त्याच हाताने चोळू नये. सुटे आसन, सुटे पात्र, घासणी, पाण्याची विभागणी आणि हातांची विभागणी हे सारे त्यात आहे, नळ तेवढा नाही. यातल्या कुठल्याही नियमाला गूढ अर्थ चिकटवण्याची गरज नाही. मळ पाण्याच्या भांड्यात परत जाऊ नये आणि पिणाऱ्याच्या ओठी लागू नये, एवढीच त्याची भूमिका आहे, आणि कदाचित म्हणूनच तो नियम अडीच हजार वर्षांनी एखाद्या पार्लरच्या भिंतीवर जसाच्या तसा लावता येईल.

हा संदर्भ या जिल्ह्यांना परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरनंतर १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूर येथे धम्मदीक्षा दिली आणि तिथल्या दीक्षाभूमीवर दरवर्षी तो दिवस साजरा होतो. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी उपाली न्हाव्याच्या दीक्षेची कथा आवर्जून घेतली आहे. शाक्य राजपुत्र प्रव्रज्येसाठी, म्हणजे गृहत्याग करून संघात जाण्यासाठी, निघाले तेव्हा त्यांचा न्हावी उपाली त्यांच्याबरोबर होता. त्यांनी बुद्धाला विनंती केली की उपालीला आमच्याआधी दीक्षा द्यावी, म्हणजे संघाच्या नियमाप्रमाणे तो आमच्याहून ज्येष्ठ होईल आणि आम्हाला त्याला वंदन करावे लागून आमचा कुलाभिमान गळेल. ज्याने जन्मभर राजपुत्रांची नखे कापली त्याच्या पायाशी राजपुत्र झुकले, आणि पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत, म्हणजे बुद्धवचनांच्या सामुदायिक पठणसभेत, विनयाचे पठण करण्याचा मान उपालीलाच मिळाला. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी, ती ही की विनयाने वरखालीपणा नाहीसा केलेला नाही. ज्येष्ठासाठी कनिष्ठाने उठून पाणी आणायचे आणि कनिष्ठ पाहुणा आला तर ज्येष्ठाने बसूनच जागा दाखवायची, असा तो नियम आहे. बदलले ते वरखालीपणाचे मोजमाप, ज्यात जन्माच्या जागी दीक्षेची वर्षे आली.

पायांना खालचे स्थान देण्यामागे ऋग्वेदातील पुरुषसूक्ताचा मोठा वाटा मानला जातो, कारण त्यात विराट पुरुषाच्या मुखापासून ब्राह्मणाची आणि पायांपासून शूद्राची उत्पत्ती सांगितली आहे आणि पुढच्या धर्मशास्त्राने या प्रतिमेवर सेवाधर्माची इमारत उभी केली. त्याच सूक्तात थोडे पुढे, पुरुषाच्या पायांपासून भूमी उत्पन्न झाली असेही सांगितले आहे, याची आठवण मात्र क्वचितच दिली जाते. ज्या अवयवातून पृथ्वी निघाली त्याला हीन कसे म्हणावे, याचे उत्तर भाष्यकारांनी द्यायला हवे होते. महाभारताच्या सभापर्वाच्या प्रचलित पाठात राजसूय यज्ञाच्या वेळी कामांची वाटणी होते तेव्हा आलेल्या ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम कृष्ण स्वतःकडे घेतो, आणि त्याच यज्ञात अग्रपूजेचा, म्हणजे सर्वांत प्रथम सन्मान मिळण्याचा, अधिकारीही तोच ठरतो. संत सेना न्हाव्याच्या कथेत तर पांडुरंगच धोकटी, म्हणजे न्हाव्याची हत्यारांची पिशवी, खांद्याला लावून राजाकडे जातो. ती धोकटी म्हणजे या देशातले पहिले फिरते सलून, असे म्हटले तर ते सेनामहाराजांना आवडले असते. ख्रिस्ती परंपरेत पवित्र गुरुवारी शिष्यांचे पाय धुण्याच्या प्रसंगाची आठवण म्हणून धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये हा विधी रोममधल्या एका बालसुधारगृहात केला आणि त्यात मुलींचे व मुस्लिमांचेही पाय धुतले, आणि २०१६ मध्ये स्त्रियांना या विधीत औपचारिक स्थान मिळाले.

या सर्व कथांचे सामर्थ्य एका गृहीतावर उभे आहे, ते असे की पाय धुणारा एरवी पाय न धुणारा असतो. कृष्ण यज्ञापुरते पाय धुतो, पोप वर्षातून एकदा धुतात, पांडुरंग एका सकाळपुरता न्हावी होतो. उद्या पुन्हा तेच काम करायचे आहे, परवाही करायचे आहे आणि त्यावर घर चालवायचे आहे, अशा माणसाला या कथा काय सांगतात? एकदाच वाकणाऱ्याचे वाकणे नम्रता ठरते आणि रोज वाकणारीचे वाकणे गृहीत धरले जाते. सेवेचा गौरव करणाऱ्या वाङ्मयाने या फरकाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, आणि ‘सेवाभाव’ हा शब्द मोबदला टाळण्यासाठी किती सोयीचा आहे हे बलुतेदारीच्या इतिहासावरून दिसते, कारण गावगाड्यात न्हाव्याला वर्षाच्या धान्याच्या वाट्यावर काम करावे लागे आणि कुणाचे काम नाकारण्याची मुभा त्याला जवळजवळ नसे. त्या तुलनेत बचत गटाच्या कर्जावर पार्लर थाटणारी, भिंतीवर दरपत्रक लावणारी आणि उद्धट गिऱ्हाइकाला दार दाखवू शकणारी स्त्री नैतिक दृष्ट्या अधिक भक्कम जागी उभी आहे. तिचे काम पैशासाठी आहे म्हणून ते हलके ठरत नाही, उलट पैसा तिला जन्मसिद्ध कर्तव्यापासून सोडवतो. वरोऱ्याजवळच्या आनंदवनाचा पायाही याच भूमिकेवर रचला गेला. महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ मध्ये करणाऱ्या बाबा आमटे यांचा आग्रह असा होता की कुष्ठरुग्णाला भीक देण्याने त्याचे माणूसपण खचते आणि काम दिल्याने ते उभे राहते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे मळ जातो कुठे याकडे, वळता येते. धुणे या क्रियेने मळ नष्ट होत नाही, त्याची जागा बदलते. श्रद्धेने एका विशिष्ट प्रसंगी हे स्थलांतर उलट दिशेने मानले आहे. गुरूचे किंवा देवाचे पाय धुतलेले पाणी तीर्थ म्हणून तळहातावर घेतले जाते, कारण त्या पायांवरून पाण्यात जे उतरते ते पुण्य आहे अशी भावना असते. ज्या समाजाने काही थोड्या पायांचे पाणी तोंडात घेतले त्याच समाजाने असंख्य माणसांची सावलीही टाळली, यातली विसंगती अनेकांनी दाखवली आहे. तितकीच महत्त्वाची गोष्ट ही की दोन्ही टोकांना मळ आणि पावित्र्य हे माणसाच्या जातीला चिकटलेले गुण मानले गेले, आणि मळ उचलून नेण्याचे काम एका ठरावीक वर्गाकडे सोपवून उरलेल्यांनी स्वतःला शुद्ध म्हणवून घेतले. पाइपने हे काम माणसाच्या डोक्यावरून काढले, हा त्याचा मोठा उपकार आहे. मात्र पाइपामुळे मळ कुठे जातो हे पाहण्याची गरजही संपली, आणि नळ नसलेल्या गाळ्यात ती गरज पुन्हा समोर येऊन बसते.

एका वेळच्या भिजवणीला आठ लिटर पाणी धरले तर ते आठ किलो वजन होते. लग्नसराईच्या एका दिवसात दहा गिऱ्हाइके आली तर ऐंशी किलो पाणी आत आणावे लागते आणि तेवढेच बाहेर न्यावे लागते, आणि ते बहुधा हाताखाली शिकायला ठेवलेली मुलगी नेते. पाण्याचा हा भार दुकानाच्या हिशेबात कुठे लिहिला जात नाही. पुढे ते पाणी उघड्या नालीत किंवा गाळ्यामागच्या खळग्यात ओतले जाते, आणि इथे या दोन जिल्ह्यांपुरती एक विलक्षण कार्यकारणसाखळी सुरू होते. चंद्रपूर आणि गडचिरोली हे हत्तीरोगाने ग्रासलेल्या जिल्ह्यांपैकी आहेत. हा रोग वुचेरेरिया बँक्रॉफ्टी नावाच्या सुतासारख्या कृमीमुळे होतो, तो कृमी लसवाहिन्यांत, म्हणजे शरीरातला लस हा द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांत, ठाण मांडतो, त्या वाहिन्या निकामी होतात आणि वर्षांनुवर्षांनी पाय सुजून हत्तीच्या पायासारखा होतो. कृमी एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेणारा क्युलेक्स डास घाण, साचलेल्या पाण्यात वाढतो. म्हणजे पाय धुतलेले पाणी बेपर्वाईने ओतले तर ते, थोड्या वळणाने का होईना, पाय बिघडवणाऱ्या रोगाला हातभार लावते.

भारतीय कर्मविचारात दोन दोष टाळण्याची मोठी धडपड आहे. त्यांना कृतहान आणि अकृताभ्यागम अशी नावे आहेत: केलेल्या कर्माचे फळ न मिळता ते वाया जाणे हे कृतहान, आणि न केलेल्या कर्माचे फळ माणसाच्या वाट्याला येणे हा अकृताभ्यागम. पुनर्जन्माची कल्पना मुख्यत्वे या दोन दोषांतून सुटण्यासाठी वापरली गेली. या जन्मी निरपराध दिसणारा माणूस दुःख भोगत असेल तर ते त्याच्याच मागल्या जन्मीचे कर्म आहे, असे म्हणता आले, आणि कुष्ठरोग्याला व हत्तीपायाच्या रुग्णाला पापी ठरवण्याची सोय झाली. नालीतला डास हा युक्तिवाद मोडून काढतो. पाणी ओतणारा एक, डास चावतो तो दुसऱ्याला, आणि सुजलेला पाय दहा वर्षांनी दिसतो तिसऱ्याच घरात. न केलेल्या कर्माचे फळ मिळणे हा इथे तर्कदोष राहत नाही, तो रोजचा व्यवहार होतो. बाबासाहेबांनी मागल्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारून कर्म हा समाजाच्या नैतिक व्यवस्थेचा नियम मानला, त्याचा अर्थ एखाद्या गावाच्या नालीकाठी उभे राहिल्यावर जितका स्पष्ट होतो तितका ग्रंथालयात होत नाही. शुद्धीचा निकष म्हणूनच धुतलेल्या पायांवर थांबू शकत नाही. धुवून काढलेले पाणी कुणाच्या दारात थांबले, इथपर्यंत तो न्यावा लागतो. गाळ्यामागे दगड-विटांचे तुकडे भरलेला झाकलेला शोषखड्डा, ज्यात पाणी जमिनीत मुरते आणि डासाला उघडा पृष्ठभाग मिळत नाही, हा खुर्चीच्या खरेदीतलाच एक भाग समजला पाहिजे, आणि घरमालक तो खणू देत नसेल तर पाणी बंद झाकणाच्या पिंपात साठवून ते वाहत्या, झाकलेल्या गटारापर्यंत नेण्याची सोय तरी हवी.

ज्या पायांना हत्तीरोगाची सूज आहे त्यांच्यासाठी धुणे हाच उपचाराचा मोठा भाग असतो. दरवर्षी गोळ्या वाटून रोगाचा प्रसार रोखता येतो, पण एकदा आलेली जुनी सूज गोळ्यांनी जात नाही. तिथे रोज साबण-पाण्याने हलक्या हाताने धुणे, बेचक्या कोरड्या करणे, भेगांना मलम लावणे आणि पाय उंचावर ठेवणे हेच उपयोगी पडते, आणि सरकारी कार्यक्रमातून रुग्णांना जो संच दिला जातो त्यात टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम असते. बधिर पायांच्या कुष्ठरुग्णालाही पाय रोज साध्या पाण्यात भिजवून, घट्टा घासून, तेल लावायला शिकवले जाते. पाणी गरम चालत नाही, कारण चटका बसला तरी त्याला तो कळत नाही, आणि मधुमेहाच्या जुन्या रुग्णाच्या बाबतीतही हीच भीती असते. यावरून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात आणि दोन्ही खुर्चीशी संबंधित आहेत. पाणी आपोआप तापवणारी सोय ही या भागात चैनीपेक्षा धोका अधिक आहे, तेव्हा पाणी वेगळे तापवून, धुणारीने कोपर बुडवून पाहून मगच टबात घ्यावे. आणि जखम, न दुखणारे व्रण किंवा वाढती सूज दिसली तर कातडी घासण्याचे काम तिथेच थांबवून त्या व्यक्तीला आरोग्य केंद्रात पाठवावे, मात्र खुर्चीवरून उठवताना तिचा अपमान होणार नाही अशा शब्दांत. परंपरेने अशा पायांना अशुभ म्हणून दूर ठेवले. आज त्यांना थांबवण्याचे कारण त्यांची स्वतःची सुरक्षितता आहे, आणि हा फरक आवाजातून कळला पाहिजे.

बाजारात पेडिक्युअरच्या ज्या खुर्च्या मिळतात त्यांतल्या काही जाणूनबुजून सिंहासनासारख्या केलेल्या असतात, उंच पाठीच्या, नक्षीदार हातांच्या, लाकडी चौथऱ्यावर बसवलेल्या. गिऱ्हाइकाला राणी झाल्यासारखे वाटावे हा त्यामागचा हेतू आहे आणि त्यात गैर काही नाही. रोवणीत पाठ मोडणाऱ्या बाईने तासभर राणी व्हावे, याला कोणत्याही धर्माची हरकत नसावी. अडचण चौथऱ्याची आहे. अशी खुर्ची जड असते, तिच्या नक्षीत मळ अडकतो, आणि तिच्या उंचीमुळे सारा हिशेब वर बसणारीच्या सोयीचा होऊन धुणारी एका प्लॅस्टिकच्या पाटावर, पाठीला टेका नसताना, दिवसभर वाकून राहते. पाद्याच्या या व्यवस्थेत आसन फक्त एकीलाच आहे. विनयातल्या नियमाने पाहुण्याला पाट दिला, पण वाकणाऱ्यासाठी तिथेही काही सांगितले नाही. आजच्या पार्लरने त्या नियमात भर घालायला हवी. धुणारीचे स्टूल टेकायला पाठ असलेले, खाली-वर होणारे आणि चाकांचे असावे, आणि गिऱ्हाइकाच्या पायाला आधार देणारी पट्टी इतकी उंच यावी की पाय धुणारीच्या मांडीशी येईल, तिला टबात ओणवे व्हावे लागणार नाही. रेग्झिनचे आसन शिवणीविना असेल तर पुसायला सोपे जाते. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टबाला लावण्याची पद्धत शहरात सोयीची असली तरी ज्या गावात कचरा शेवटी जाळलाच जातो तिथे ती मळाला नालीतून उचलून हवेत पाठवते, एवढाच तिचा पराक्रम. त्यापेक्षा दोन सुटे, सांधे नसलेले, गुळगुळीत टब ठेवावेत, म्हणजे एकात जंतुनाशक असताना दुसरा वापरता येतो. टबाला तळाशी तोटी असेल तर भरलेले पात्र उचलण्याऐवजी पाणी झाकणाच्या बादलीत सोडता येते आणि शिकाऊ मुलीचा खांदा वाचतो.

या जिल्ह्यांतील पार्लरचालिकांनी गाळ्यात नळ येण्याची वाट पाहत खरेदी लांबवण्याचे कारण नाही, आणि नळ नाही म्हणून गिऱ्हाइकापुढे ओशाळण्याचे तर मुळीच नाही. खुर्ची घ्यायला गेल्यावर पैसे मोजण्यापूर्वी वरच्या आसनावर बसून पाहण्याऐवजी खालच्या स्टुलावर बसावे, टब पाण्याने भरायला सांगावा, तो रिकामा करायला किती वेळ आणि किती जोर लागतो हे स्वतःच्या हाताने करून पाहावे आणि मगच किंमत विचारावी. जो विक्रेता टबात पाणी भरू देत नाही त्याच्याकडून खुर्ची घेऊ नये.